ताईच्या हॉटेलातलं काउंटर

माझी मोठी बहीण दुबईच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर होती. कोविडमध्ये पर्यटक यायचे थांबले आणि हॉटेल बंद पडलं. "पुन्हा उघडलं की बोलावू," असं सांगून सगळ्यांना बिनपगारी रजेवर पाठवलं. भावजींची नोकरी टिकली म्हणून ताई तिथे राहू शकली.

मी तेव्हा टोकियोत, ओजिमाला. नवऱ्याच्या बदलीमुळे आलेली, मग जपानी शिकून हॉटेलांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत लागलेली. मुलीची शाळा आणि माझं ऑफिस एकाच टेबलावर चालायचं. ताईचा रोज फोन यायचा. "रस्ते ओस पडलेत गं. वाळू थेट लॉबीच्या दारापर्यंत येतेय म्हणे." तिने युनिफॉर्म इस्त्री करून कपाटाबाहेरच टांगून ठेवला होता.

पर्यटक परतू लागले, तसं आमच्याकडे दुबईचं एक काम आलं. हॉटेल नव्याने उघडायचं होतं, पण रिसेप्शनवर यंत्रं हवी होती. पासपोर्ट ठेवायचा, चेहरा दाखवायचा, की खोलीचं कार्ड बाहेर. माझं इंग्रजी बरं, म्हणून काम माझ्याकडे. पहिल्याच मीटिंगमध्ये स्क्रीनवर लॉबीचा फोटो आला. तांबूस संगमरवराचं ते काउंटर मी लगेच ओळखलं. त्याला टेकून उभ्या असलेल्या ताईचे कितीतरी फोटो माझ्या फोनमध्ये होते.

"काही अडचण?" साहेबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

त्यानंतर ताईचा फोन आला की मी तो मुलीच्या हातात द्यायचे. मुलगी जपानीत काहीबाही सांगायची, ताई न कळता हसायची. एकदा मात्र तिने मलाच बोलवायला लावलं. वाळवंटात काचघरं उभारून भाजी पिकवणाऱ्या एका कंपनीने तिला ऑर्डर घ्यायच्या कामावर बोलावलं होतं. सरकार आता नुसत्या पर्यटकांवर विसंबून राहत नाही, असे नवे धंदे निघतायत, असं भावजींचं म्हणणं.

"पण मी नाहीच म्हणणार आहे," ताई म्हणाली. "हॉटेलवाले आता बोलावतीलच."

"ती नोकरी घे."

"का गं?"

"ते नाही बोलावणार, ताई."

माझं काम काय आहे ते तिला माहीत होतं. त्यावरून ती काय ते समजली. मग म्हणाली, "आणि माझ्याबरोबरच्या बायका?"

ताईला रिसेप्शनवरचं काम जिने शिकवलं, ती एक फिलिपिनो मैत्रीण होती. तिचा व्हिसाच हॉटेलने काढलेला होता. ताईने माझं नाव न घेता तिला सावध केलं, पण तिला ते पटलं नाही. मॅनेजरने शब्द दिलाय, म्हणाली आणि वाट बघत राहिली. व्हिसा संपल्यावर मनिलाला परत गेली.

यंत्रं वेळेवर बसली. हॉटेल भरलं. ऑफिसात सगळ्यांनी एकमेकांना ओत्सुकारेसामा, म्हणजे 'खूप राबलात', म्हटलं, मीही वाकून म्हटलं. त्या एका हॉटेलमुळे आम्हाला आणखी हॉटेलं मिळाली. ती मीच सांभाळते.

गेल्या वसंतात ताई आमच्याकडे आली. भाजीच्या कंपनीत ती आता ऑर्डर विभागाची प्रमुख आहे. मी भाकरी थापत होते, ती ओट्याला टेकून उभी होती. मी म्हणाले, "ताई, माझ्यावर एकदा रागाव तरी."

"मी स्वतःला समजावते, तू केलं नसतंस तर दुसऱ्या कुणीतरी केलं असतं," ती म्हणाली. "पण दुसरं कुणी नव्हतं ना. तूच होतीस."

तेवढ्यात ताईच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. तीच मैत्रीण. ताईने खटपट करून तिला दुबईत परत आणून आपल्या भाजीच्या कंपनीत लावलं होतं, पण तिथे जागा होती ती पॅकिंगमध्ये. हिरवी टोपी घालून ती पालेभाजीच्या खोक्यांपुढे उभी होती. ताईने फोन माझ्याकडे वळवला.

"गुड ईव्हनिंग, मॅडम," ती म्हणाली. आवाज अजून काउंटरवरचाच होता. मग कौतुकाने विचारलं, जपानमध्ये तुम्ही काय करता?

ताई तव्यावरच्या भाकरीकडे बघत राहिली.

"सॉफ्टवेअर," मी म्हणाले.

"किती छान!" ती म्हणाली आणि मनापासून हसली.