कामाचे स्वरूप: बाहेर येणे

अण्णांनी उभ्या आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि ती द्यायची वेळ आली तेव्हा मी नवाकोरा पंजाबी ड्रेस घालून कंपनीच्या भिंतीकडेला पालथी पडले होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. निघोज्याजवळच्या एका कंपनीत फिटर. आम्ही लातूरकडे गावी आणि ते इकडे खोली करून. सत्तावीस वर्षं त्यांनी शिफ्टा केल्या, आणि त्यांच्या जिवावर मी तालुक्याच्या शाळेतून निघून वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेटपर्यंत पोचले. घराण्यातली पहिली पदवीधर! (गावातले लोक अजूनही मला गुडघेदुखीवरची गोळी विचारतात.) डॉक्टर झाले म्हणून अण्णांनी मला कॅमेरा घेऊन दिला. माणसांचे फोटो काढायला, अशी त्यांची भाबडी समजूत! मी लागले रानफुलांच्या मागे. चुलतभावाच्या लग्नात अंतरपाट दूर झाला, तेव्हा मी मांडवामागच्या धोत्र्याचा फोटो घेत होते. तो भाऊ अजून माझ्याशी तुटक बोलतो.

हे सगळं माहीत असूनही, निवृत्तीच्या आधी अण्णा वाकडला माझ्या घरी आले आणि चहा बशीत ओतत म्हणाले, "नंदा, शेवटच्या दिवशी मी गेटातून बाहेर येताना एक फोटो काढशील?"

"एक काय, शंभर काढते!"

"एकच बास. इतकी वर्षं रोज बाहेर आलो, आपल्या घरच्या कुणी कधी बघितलं नाही."

ऑगस्ट संपत आला होता. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटायची. आई आणि मी अडीचलाच गेटासमोर हजर. मी उजेड पाहिला, कोन ठरवला, कुठे उभं राहायचं तिथे विटेचा तुकडासुद्धा ठेवला. आईच्या हातात ओवाळणीचं ताट. सगळं जय्यत. आता गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं. तेवढंच मला जमलं नाही.

भिंतीच्या कडेला पाणी झिरपत होतं आणि त्या ओलीत नखाएवढे जांभळे ठिपके दिसले. सीतेची आसवं! डोंगरसड्यावर शोधत फिरावं असं फूल, आणि इथे कंटेनरच्या रांगेशेजारी!

"आई, आलेच दोन मिनिटांत."

"नंदे, चिखल आहे तिथं! आणि ड्रेस?"

पण नखाएवढ्या फुलाचा चेहरा टिपायचा तर आपला चेहरा जमिनीला टेकवावा लागतो. टेकवला. फुलामागे लांबवर गेट दिसत होतं, म्हणजे माझं लक्ष होतं, असं मी स्वतःला सांगितलं. दर मिनिटाला एक कंटेनर जायचा आणि फूल थरथरायचं. एकशे बारा फोटो हलले! आणि मग भोंगा झाला.

तो मला ऐकू आला. हे मी कबूल करते. पण नेमका त्याच क्षणी वारा पडला. मी मनात म्हटलं, अण्णांना हार घालतील, कुणीतरी भाषण करेल, वेळ लागेल. वारा पुन्हा पडायचा नाही.

"नंदे! आले गं! ऊठ!"

"एकच, आई, एकच!"

धावत पोचले तेव्हा अण्णा बाहेर येऊन उभे होते. गळ्यात झेंडूचा हार, कपाळावर गुलाल, हातात शाल-नारळ. शेजारी त्यांचे वीस वर्षांपासूनचे सोबती सलीमभाई. ढोल वाजत होता आणि अण्णा गर्दीत मला शोधत होते.

"निघाला ना गं चांगला?"

मी हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत चिखलात.

"अरे बेटा, पडलीस की काय?" सलीमभाई म्हणाले.

"अण्णा," मी म्हटलं, "पुन्हा एकदा येता?"

"कुठून?"

"आतून."

अण्णा वळले. गेटावर गार्डने हात आडवा केला. "पास?"

"आत्ताच जमा केला की. तुझ्याचकडं!"

"व्हय. म्हंजी आता तुमच्याकडं न्हाई. बिगरपासचं आत सोडता येत न्हाई, काका."

"काय राव!" सलीमभाई भडकले. "दहा मिनिटांपूर्वी यांच्याच हातचा पेढा खाल्लास ना?"

"पेढा ग्वाड व्हता, भाऊ. पर नियम हाय. व्हिजिटर म्हणून एंट्री करा." त्याने रजिस्टर उघडलं. "कुणाला भेटायचंय?"

अण्णा जरा घुटमळले. "कुणाला नाही. बाहेर यायचंय."

गार्डने जबाबदारीने लिहिलं: 'कामाचे स्वरूप: बाहेर येणे.'

मग अण्णांच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट आलं, हारावर व्हिजिटरचा पास आला. ते चार पावलं आत गेले, चार पावलं बाहेर आले. तोवर ढोलवाले निघून गेले होते, लोक कंपनीच्या बसमध्ये बसले होते आणि आईच्या ताटातलं निरांजन विझलं होतं. मी बटण दाबलं. फोटो इतका स्पष्ट आला की पासवरचं 'व्हिजिटर' लांबूनही वाचता यावं!

घरी अण्णांनी तो बराच वेळ पाहिला. "चांगलाय," म्हणाले. "पण यात मी पाहुणा दिसतोय गं." एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. उलट, ड्रेसचा चिखल निघेल का, याची चौकशी केली!

दोन दिवसांनी मी फुलाचे फोटो चाळायला घेतले. एकशे तेरावा, वारा पडल्यावरचा. पाकळीची रेघन्‌रेघ स्पष्ट. आणि मागे, गेटात, एक नारिंगी डाग. मोठा करून पाहिला. हार होता. त्याच्यावर मान जराशी उंचावलेली, कुणाला तरी शोधणारी. अण्णांना मी टिपलं नव्हतंच. ते आपले आपण माझ्या फोटोत आले होते.

अण्णांनी तोच फोटो फ्रेम करून गावी ओसरीवर लावलाय. आलागेला वाकून बघतो. अण्णा डागावर बोट ठेवून सांगतात, "हा मी. शेवटच्या दिवशी बाहेर येताना."

"आणि पुढं एवढं स्पष्ट आलंय ते काय?"

"ते होय? ते गवत."

मी वनस्पतिशास्त्राची डॉक्टर, तिथेच उभी असते. ते गवत नाही. पण सांगायची सोय मी ठेवलेली नाही.