सखारामकाकांच्या अंगणातली बोट

सखारामकाकांना पोहता येत नाही. नदीत ते कधी गुडघ्याच्या वर उतरलेले नाहीत. असा माणूस गेल्या फेब्रुवारीत चितेगावच्या भंगारवाल्याकडून ॲल्युमिनियमची एक चौदा फुटी मोटारबोट टेम्पोत घालून घरी घेऊन आला, तेव्हा मुकुंदवाडीतली आमची गल्ली बराच वेळ अडून राहिली. टेम्पो वळला, पण मागून बाहेर आलेलं बोटीचं नाक विजेच्या खांबाला अडलं.

"सखारामभाऊ, भरती कधी येणार हाय मुकुंदवाडीला?" किराणा दुकानातून साहेबरावांनी विचारलं.

"तुमच्या साखरेची पोती वर घेऊन ठेवा," काका म्हणाले, "मंग सांगतो."

दारात उभ्या असलेल्या पारूकाकू कोणाकडेच न बघता म्हणाल्या, "लोकांची माणसं रिटायर झाली की कुंड्या आणतात."

आम्ही त्यांचे शेजारी. मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, शिक्षण मेकॅनिकलचं. त्यामुळे "तनू, जरा बघ गं" ही काकांची हाक मला सवयीची आहे. त्या दिवशीही हाक आली. बोट कितीतरी वर्षं उपडी पडलेली होती आणि भंगारवाल्याच्या कोंबड्यांनी तिच्याखाली संसार केला होता. तळाला पोचे पडलेले, रिव्हेट सैल, मागचं इंजिन गंजून जाम. मी काकांना स्पष्ट सांगितलं की हिला वितळवण्यातच शहाणपण आहे.

"वितळवून काय करू?" ते म्हणाले. "पातेली?"

बोट कशासाठी, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. काकांची एकुलती एक मुलगी विशाखा पैठणच्या खाली, गोदाकाठच्या नांदूरखेड्यात दिली आहे. गेल्या सप्टेंबरात नदी गावात शिरली. ओढ्याच्या बाजूची बौद्धवस्ती सखल, तिथं पाणी आधी आलं. विशाखाचे तेव्हा दिवस भरत आले होते. तिला आणि वस्तीतल्या बायापोरांना शाळेच्या स्लॅबवर चढवलं, आणि मग शाळेच्या चहूबाजूंनी पाणी झालं. सुटकेच्या बोटी होत्या, पण त्या दिवशी बुडालेली गावंही पुष्कळ होती. नांदूरखेड्याला बोट दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. तोवर काका अलीकडच्या रस्त्यावर, डांबर जिथं पाण्यात जात होतं तिथं उभे होते.

"दिसत व्हती मला," त्यांनी एकदाच सांगितलं. "हात हलवत व्हती. आवाजबी येत व्हता. अन् मी नुसता उभा."

विशाखा सुखरूप बाळंत झाली. पण येत्या पावसाळ्याआधी नांदूरखेड्यात गावाची स्वतःची बोट असली पाहिजे, हे काकांनी तिथंच, त्या डांबरावर ठरवलं होतं.

आता ते काम करायला हाच माणूस का, हे सांगायला हवं. काकांनी चिकलठाण्याला एसटीच्या वर्कशॉपात आयुष्यभर बसच्या बॉड्या बांधल्या. एसटीची बॉडी म्हणजे ॲल्युमिनियमचे पत्रे आणि रिव्हेट. मी बोटीकडे बघून बोट पाहत होते. काका तिच्याकडे बघून चाकं काढलेली, नाक चिमटलेली बस पाहत होते.

रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून हातोड्याने मारतो, दुसरा आतून लोखंडाचा जड ठोकळा रिव्हेटच्या टोकाला दाबून धरतो. त्या ठोकळ्याला डॉली म्हणतात. मध्ये पत्रा असल्यामुळे दोघं एकमेकांना दिसत नाहीत, आणि वर्कशॉपच्या गोंगाटात ऐकूही येत नाही. म्हणून खुणा ठरलेल्या असतात. आतल्याने पत्र्यावर एकदा टक केलं की अजून मार, दोनदा केलं की बसला, पुढे चल. त्या कामाने काकांचे कान गेलेत. पण डावा तळवा पत्र्यावर सपाट ठेवला की त्यांना आतली टकटक कळते.

आता आतून डॉली धरायला होत्या पारूकाकू. नाकाकडच्या चिंचोळ्या जागेत त्यांचाच हात जात होता. गोणपाटावर आडव्या होऊन, साडीचा पदर डोक्याला घट्ट बांधून त्या आत शिरायच्या आणि बाहेरून हातोडा सुरू व्हायचा. टक. टक-टक. पहिले दोन दिवस वाकडे गेलेले रिव्हेट छिन्नीने उडवावे लागले. तिसऱ्या दिवसापासून मी कामावरून आले की भिंतीशी उभी राहून नुसती बघत राहायची. घरात चहात साखर किती यावरून भांडणारी ही दोघं पत्र्याच्या दोन बाजूंना एका शब्दाशिवाय अशी काम करत होती की आमच्या कारखान्यातला रोबोही एवढा नेमका नसेल. एकदा आतून खूप वेळ टकटक येत राहिली. काकांनी हातोडा खाली ठेवला.

"काय म्हणतायत काकू?" मी विचारलं.

"शिव्या देतीय," काका म्हणाले. "मुंग्या निघाल्या असतील आत."

मार्चच्या शेवटी तळ पुरा झाला. आता गळती बघायची होती. नदीत नेऊन बघण्यापेक्षा सोपी रीत म्हणजे बोटीतच पाणी भरायचं आणि बाहेर कुठं पाझरतं ते पाहायचं. इथं माझा थोडा उपयोग झाला. नदीत तळाला बाहेरून पाण्याचा आधार असतो, अंगणात तो नाही. आतल्या पाण्याचं वजन पाच-सहाशे किलो होईल आणि दोन लाकडी घोड्यांवर ठेवली तर बोट मधोमध वाकेल. मी हिशेब मांडून दाखवला. काकांनी तो नीट वाचला, आणि संध्याकाळी खाली एसटीचे जुने टायर ओळीने मांडले.

आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. पाळीच्या दिवशी आधी घरातल्या टाक्या, मग पिंपं, मग कळशा, आणि सगळ्यात शेवटी बोट. वीतभर पाणी झालं. बाहेरून दोन ठिकाणी थेंब धरला, काकांनी तिथं खूण केली आणि ते दोन्ही रिव्हेट नंतर बदलायचे ठरले.

"आता सोडा पाणी," मी म्हणाले.

पारूकाकूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी भरलेलं ताट ओतून द्या म्हणाले होते. "सोडा? नळाचं पाणी हाय बाई. एवढ्यात आठ दिवस कपडे निघतील."

मुकुंदवाडीत भरलेलं पाणी कुणी गटारात सोडत नाही. बोटीवर ताडपत्री पडली. समोरच्या वच्छलाबाई बादली घेऊन यायला लागल्या, दुसऱ्याही दोघी-तिघी. पुढच्या पाळीला बोट पुन्हा भरली गेली. बोट म्हणजे गल्लीची टाकी झाली, आणि टाकीला जे करतात ते तिलाही केलं गेलं. एप्रिलात भीमजयंतीला नांदूरखेड्याला जाताना, पाणी नासू नये म्हणून, पारूकाकूंनी त्यात दोन मुठी ब्लीचिंग पावडर टाकली. घरातल्या प्रत्येक टाकीत त्या टाकतात तशीच. तिकडे नातू आजारी पडला आणि परत यायला एप्रिलचा शेवट झाला.

ब्लीचिंग पावडर प्लॅस्टिकच्या टाकीला काही करत नाही. ॲल्युमिनियमला खाते. पाणी उपसलं तेव्हा तळाशी पावडरीचे गोळे बसलेले दिसले आणि प्रत्येक गोळ्याखाली पत्र्याला पांढरे फोड आले होते. काकांनी एका फोडावर खिळ्याचं टोक ठेवलं आणि नुसतं दाबलं. खिळा आरपार गेला.

पारूकाकू पायरीवर बसल्या. "मीच टाकली," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं."

काका बराच वेळ तळ चाचपत राहिले. मला वाटलं, आता हे चिडतील किंवा सोडून देतील. पाऊस महिन्यावर आला होता.

"अवं, काहीतरी बोला की," काकू म्हणाल्या.

"काय बोलू? बोटीतलं पाणी निदान कपड्याला कामी आलं, बोलणं कशाच्या कामी येणार?" ते उठले. "तनू, मधला पट्टा सगळा कापावा लागंल. पत्रा कसला घ्यायचा ते तू सांग."

बसचा पत्रा पातळ पडला असता. समुद्राच्या पाण्यातही टिकतो तसला जाड पत्रा मी वाळूजच्या एका विक्रेत्याकडून शोधून काढला. काकांनी खाल्लेला पट्टा कापून काढला, तेव्हा बोटीला मधोमध खिडकी पडल्यासारखं झालं आणि अंगणातली फरशी दिसायला लागली. मग पहिल्यापासून सगळं: भोकं पाडायची, दोन पत्र्यांमध्ये सीलंटचा थर द्यायचा, रिव्हेट ठोकायचा. मे महिन्यातलं ऊन. पत्रा इतका तापायचा की काकू ओलं फडकं गुंडाळून डॉली धरायच्या. काका पहाटे सुरू करायचे, दहाला थांबायचे, आणि सावली आली की परत. इंजिन माझ्याकडे होतं. पिस्टन डिझेलमध्ये भिजवून भिजवून सुटला. कार्ब्युरेटर तर मी स्वप्नातही धुतला असेल. ज्या संध्याकाळी ते पिंपातल्या पाण्यात पहिल्यांदा धडधडलं, त्या संध्याकाळी काकांनी कान लावला नाही, इंजिनावर तळवा ठेवला आणि ते हसले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बोट नांदूरखेड्याला गेली. डोहाच्या काठावर निम्मं गाव जमलं होतं.

"एसटीची बोट म्हणं," कुणीतरी मागून म्हणालं. "मंग वेळंवर कशी येईल?"

"कंडक्टर कोन हाय? डबल बेल मारा की."

काका हसले नाहीत. त्यांनी शाळेतून आणलेली खडूची भुकटी बोटीच्या तळावर चाळणीने भुरभुरली, थेट कोपऱ्यांपर्यंत. तळ पांढराशुभ्र झाला. मग माणसांऐवजी वाळूची पोती आत ठेवायला सांगितली, दहा माणसांच्या वजनाइतकी. जावई इंद्रजीत आणि त्याच्या भावांनी बोट कमरेइतक्या पाण्यात ढकलली. ती तरंगली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या.

काका काठावरून बघत होते. नंतर चप्पल काढून पाण्यात उतरले. गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत, कमरेपर्यंत. पारूकाकूंनी माझा दंड धरला. ते बोटीच्या कडेला धरून आत वाकले आणि तसेच राहिले.

"काढा बाहेर," ते म्हणाले.

नव्या पट्ट्याच्या कडेला, खडूत, हरभऱ्याएवढा ओला ठिपका पडला होता.

"मामा, एवढ्या थेंबासाठी?" इंद्रजीत म्हणाला. "डब्यानं उपसता येईल की."

"अंधारात डबा कोन शोधंल?" काका म्हणाले. "काढा."

पोती उतरली, बोट काठावर आली, आडवी झाली. पारूकाकू सगळ्या गावासमोर पदर बांधून आत शिरल्या. काकांनी तो रिव्हेट उडवला, नवा घातला, तळवा टेकला आणि हातोडा उचलला. डोहावर फक्त तो ठोका आणि आतून येणारं उत्तर ऐकू येत होतं. मी कारखान्यात रोज कितीतरी सुटे भाग तपासते, एखादा नापास करते, आणि तो पुढे कुणाच्या जिवाशी बांधलेला असेल असा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. त्या माणसाच्या मनात दुसरा विचारच नव्हता.

दुसऱ्या खेपेला खडू कोरडा राहिला. बोट पोत्यांसह पलीकडे जाऊन आली, मग माणसांसह. काकाही बसले. दोन्ही हातांनी कडा धरून, डोळे तळावर. पाण्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. उतरताना त्यांनी कुणाचा खांदा धरला नाही.

मग बोट ठेवायची कुठं हा प्रश्न निघाला. पंचायतीच्या शेडमध्ये, असं काही जण म्हणाले, तिथं चोरी होणार नाही. कुणीतरी साखळी आणि कुलूपही घेऊन आलं.

"कुलूप नको," काका म्हणाले.

"मामा, इंजिन काढून नेतील लोक."

"इंजिन घरी ठेवा. वल्ही बोटीत राहू द्या. पर कुलूप नको. किल्लीवाला त्या रात्री गावात असंलच असं नाय."

बोट वस्तीच्या वरच्या अंगाला, शाळेच्या भिंतीलगत लिंबाच्या झाडाखाली सुलटी ठेवली, वरून ताडपत्री. दोर भरपूर लांब सोडला, म्हणजे पाणी चढलं तर बोट दोरासह वर येईल. काकांनी खोडाला शेपूट ओढलं की सुटणारी एक गाठ मारली आणि विशाखाला बोलावलं. ती नातवाला कडेवर घेऊनच आली.

"सोड," ते म्हणाले.

"याला आईकडं देऊ का?"

"नको. असाच असू दे कडंवर. एका हातानं सोड."

विशाखाने दोराचं शेपूट शोधलं, ओढलं. गाठ अर्धी सुटली आणि अडकली. बाळाने तिचे केस पकडले होते. तिने मान तिरकी केली आणि पुन्हा ओढलं. दोर मोकळा होऊन मातीत पडला.

"सुटली की, आबा."

काकांनी दोर उचलला, गाठ पुन्हा मारली आणि बाजूला झाले.

"आता डोळे मिट," ते म्हणाले.