फॅन चालू होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो

आज सकाळी घडलं ते लगेच लिहिते.

लोणावळ्याजवळच्या औंढ्यातल्या आमच्या घरात यंदा उन्हाळ्यात आतच संडास-बाथरूम बांधलं. घराच्या मधोमध, त्यामुळे बाहेरची भिंत नाही, खिडकी नाही. छताला एक्झॉस्ट फॅन लावून त्याचा पाइप माळ्यावरून पश्चिमेच्या भिंतीबाहेर काढला. गॅस गिझरही आतच.

सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, अंघोळीला गेल्या. नुसता पाण्याचा आवाज येत राहिला. हाका मारल्या, ओ नाही. मी किंचाळले तसे आबा, म्हणजे माझे सासरे, धावत आले. त्यांनी लाथ मारून कडी तोडली. आई भिंतीला टेकून बसलेल्या, मान कलंडलेली.

चादरीत गुंडाळून पडवीत आणलं. वारा लागला तेव्हा कुठे डोळे उघडले. "लय गरगरतंय गं," एवढंच बोलल्या.

लोणावळ्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, गिझरचा विषारी वायू आत कोंडला.

आबांना पटेना. "अवो, फॅन तर चालू व्हता की!"

घरी आल्यावर मी मागच्या बाजूला गेले. पावसाची झड आत येऊ नये म्हणून दरवर्षीसारखा पश्चिमेच्या भिंतीला प्लास्टिकचा कागद ठोकलाय. लाकडी पट्ट्या आबांनी मारल्या, कागद मी ताणून धरला होता. पाइपाचं तोंड त्याच कागदाखाली होतं.

कागद फाडला. गिझर बंद केलाय, आता तो बाहेरच बसवणार.

तुमच्या फॅनची हवा जिथे बाहेर पडते, ती जागा तुम्ही शेवटची कधी पाहिलीत?

आई झोपल्यात. मी सारखी त्यांच्या नाकापुढे बोट धरून बघतेय.