रत्नाचं नुसतं बसणं

रोज साडेपाचला रत्ना दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्सच्या तळ्याकाठी पायरीवर बसायची आणि काहीही करायची नाही. नाव आपल्याकडचं वाटलं तरी मुलगी इंडोनेशियातल्या बांडुंगची, वय चोवीस. आमच्या जाहिरात कंपनीत चित्रं काढायला आलेली. सोबत तिच्या गावाकडच्याच दोन-तीन मैत्रिणी, बर्फ घातलेली दुधाळ कॉफी आणि तासन्‌तास गप्पा. याला ती मंडळी 'नोंगक्रोंग' म्हणतात. एकदा मी विचारलं, "आज विषय काय?"

"विषय असला की मीटिंग होते, पाक दिलीप."

पाक म्हणजे वडीलधारा माणूस. मी पन्नाशीचा, तक्रारीला जागा नव्हती.

तिच्या अंगात कायम जुन्या बाजारातले ढगळ, पुरुषी शर्ट. मला दया आली. बायकोला मीना बाजारात पिटाळून नवाकोरा कुर्ता आणवला. रत्नाने तो दोन्ही हातांनी घेतला, वाकून आभार मानले. मग मैत्रिणीकडून कळलं, की तिकडच्या पोरांत जुनं हुडकून घालणं हीच फॅशन, आणि रत्नाच्या त्या विरलेल्या कॉलरचा सगळ्यांना हेवा वाटतो.

"अहो, आधी विचारायचं तरी!" बायको म्हणाली.

आधी विचारणं माझ्या रक्तात नाही. त्यामुळे पुढचं घडलं.

बांडुंगचेच एक गृहस्थ दुबईत कॉफीचं दुकान काढत होते. जाहिरातीचं चित्र रत्नाकडे होतं, आणि तिची नोकरी पक्की होणार की नाही, हे त्या चित्रावर ठरणार होतं. तिने बुटक्या स्टुलांवर बसलेली पाच पोरं काढली. नुसती बसलेली. गृहस्थांना दाखवायच्या आदल्या दिवशी मी फाइल उघडली. फारच रिकामटेकडी वाटली मला ती पोरं. प्रत्येकाच्या मांडीवर एकेक लॅपटॉप ठेवून दिला आणि तिला सांगायचं विसरलो.

सकाळी पडद्यावर चित्र आलं. रत्ना थबकली.

"ही मुलं कॉफी प्यायला आलीत की ड्यूटीवर?" गृहस्थांनी विचारलं.

आमचे साहेब तिच्याकडे वळले. "रत्ना, हे काय आहे?"

ती टेबलाकडे बघत म्हणाली, "माझं चुकलं, सर."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी एक ग्लास पाणी प्यालो. मग दुसरा प्यालो. मग शाळेतल्यासारखा हात वर केला. "लॅपटॉप माझे आहेत. मला पोरं नुसती बसलेली बघवत नाहीत."

गृहस्थ पोट धरून हसले. "मूळ चित्र आहे ना?"

होतं. तेच ठरलं, आणि रत्नाची नोकरीही पक्की झाली.

खाली जाताना लिफ्टमध्ये मी विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंस?"

"चारचौघांत मोठ्या माणसाला मान खाली घालायला लावत नाहीत आमच्याकडे."

"अगं, पण मी गप्प बसलो असतो तर?"

"गप्पच बसणार असं वाटलं होतं, पाक. तुम्ही दुसरा ग्लास उचललात, तेव्हा मी टेबलाखालून आईला मेसेज टाकला. 'घरी येतेय' म्हणून."