अप्पांची गिटार कुणी ऐकली?

मंडळी, आज अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जामखेडच्या सलूनमध्ये नेलं. एकोणीसशे बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास ते नगरच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे.

तिथं दोन आजोबा नेमके त्याच ऑर्केस्ट्रावरून भांडत होते. पहिली रेकॉर्ड भारी की दुसरी?

दाढी अर्धवट सोडून अप्पा वळले. "अन् गिटार?"

"गिटार हुती व्हय त्यात?" एकानं विचारलं.

अप्पांचा चेहरा पडला.

"हुती की! लई गोड वाजवायचा गडी," दुसरे म्हणाले. "पन रेकॉर्ड करताना आवाजाची मशीन माझ्याकडं हुती. मीच गिटारचा आवाज बारीक करायचो. गायक माझा मेव्हणा हुता ना!"

अप्पा ताडकन उठले. मला वाटलं, आता मारामारी होणार. त्यांनी त्या गृहस्थांना मिठीच मारली. "म्हंजे तुमी तरी ऐकलीय!"

तुमच्या घरात असं कुणी आहे का, ज्यांचं वाजवणं तुम्ही अजून ऐकलंच नाही? मी तरी आजवर ऐकलं नव्हतं.