न घेतलेलं नाव

ईशान, मीरा, हे मी तुमच्या आई-बाबांनाही कधी सांगितलेलं नाही. आता सांगते, कारण मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मीरा म्हणाली, “आजी, शाळेत मी तुझ्यावर निबंध लिहिला. तू सगळ्या जगासाठी प्रार्थना करतेस ना!” मी हसले. कॉल संपल्यावर हे लिहायला बसले.

खारघरच्या आमच्या सोसायटीत दर शनिवारी सकाळी आम्ही बारा-तेरा बायका क्लबहाउसमध्ये शांतीसाठी बसतो. जिथे युद्ध चालू असेल त्या देशांची यादी मी करते, मीच वाचते — वर्णानुक्रमे. माझी शिस्त तुम्हाला माहीतच आहे. प्रत्येक नावानंतर मिनिटभर शांतता. ते ढोंग नव्हतं. कधी न पाहिलेल्या आयांसाठी माझे डोळे खरंच भरून यायचे. मग ते कसं घडलं? — थांबा, सांगते.

आपल्याकडे मोऱ्याच्या बंदरावरून हिराबाई मासे घेऊन येते. काही वर्षांपूर्वी एका बुधवारी तिने टोपली उतरवली, पण झाकण उघडलं नाही. “बाई, माजा जावय बोटीवर हाय. लडाईच्या पान्यात अडकलाय. पोर माजी पोटुशी. तुमच्या पूजेत त्याचं नाव घ्याल? महेश.”

“घेईन,” मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

यादीच्या शेवटी ‘महेश’ लिहिलंही. शनिवारी त्या नावापाशी आले आणि — कुणीतरी विचारेल, कोण महेश? मग सांगावं लागेल, मासेवालीचा जावई. समोर सगळ्या शिकलेल्या, नीटनेटक्या बायका. मी कागदाची घडी केली. स्वतःला सांगितलं, यादी देशांची आहे, माणसांची नाही. घरी येऊन एकटीने तरी घ्यायचं? तेही नाही घेतलं.

बुधवारी तिने विचारलं, “घेतलंत नाव?”

“घेतलं.”

असे सात बुधवार. सातही वेळा तेच उत्तर, आणि दर वेळी ते आधीपेक्षा सोपं गेलं.

महेश सुखरूप परत आला. हिराबाई लेकीला घेऊन दारात उभी राहिली. हातात मोठे पापलेट, केळीच्या पानात गुंडाळलेले. “वाक गो, बाईंच्या पाया पड. यांच्यामुलं घरी आला तो.” ती अवघडलेल्या अंगाने वाकायला लागली. मी तिला धरलं, वाकू दिलं नाही. पण “मी नाव घेतलं नव्हतं” — हे म्हणाले का? नाही. आशीर्वाद दिला. मासे ठेवून घेतले. दुपारी तळले, आणि आजोबांना म्हटलं, किती ताजे आहेत बघा.

भीती कसली होती, इतकी वर्षं शोधते आहे. उत्तर लहान आहे, आणि ते मला आवडत नाही.

हिराबाई अजून येते. टोपली उतरवता उतरवता विचारते, “शनवारी बसता ना अजून?” मी हो म्हणते. माझ्या प्रार्थनेवरचा तिचा विश्वास अजून तसाच आहे.