कपाटातली साखर

माझी ताई जिभेचे चोचले पुरवते असं पुन्हा कुणी म्हणालं, तर मी त्याची गय करणार नाही. आधीच सांगून ठेवते.

ताई कपडे शिवते. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. मी तिची धाकटी बहीण, शेजारीच राहते, दुपारी येऊन काज-बटणं करून देते. मधुमेह तिलाही आहे आणि भावोजींनाही. ते गोळ्यांवर, ती इंजेक्शनवर, दोघांचं बरं चाललं होतं. मग भावोजींचा कारखाना बंद पडला आणि दोघांचीही शुगर वर गेली ती खाली यायचं नावच घेईना.

भावोजींचे रिपोर्ट आले तेव्हा घरभर हळहळ. बिचाऱ्याने मनाला लावून घेतलंय, त्याला कुणी काही बोलू नका. ताईचे आले तेव्हा तिच्या सासूबाई म्हणाल्या, चोरून गोड खात असणार. झालं. जिने दुप्पट शिवणकाम अंगावर घेतलं, नवऱ्याला धीर दिला, तिला मन नाहीच म्हणे, नुसती जीभ आहे. माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला. भावोजींनी साखर, गूळ, फळं सगळं कपाटात टाकून कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात घातली. डॉक्टरांनाही ही चोरून गोड खाते असंच सांगितलं. त्यांनी ताईला चार शब्द सुनावले आणि डोस वाढवून दिला. ताई इतकी धास्तावली की जेवायलाही घाबरायला लागली. अर्ध्या पोटी उठायची.

त्या दुपारी मी बटणं लावत होते. एकदम ताईचं मशीन थांबलं. बघते तर ती घामाने निथळतेय, हात लटपटतायत, मी हाक मारली तरी ओ देईना. शुगर पार खाली गेली होती. मी स्वयंपाकघरात धावले तर कपाटाला कुलूप. सासूबाई म्हणाल्या, किल्ली त्याच्याकडे आहे, तो बाहेर गेलाय. कापड कापायची मोठी कात्री मी कडीत खुपसली आणि जीव खाऊन ओढली. कात्रीचं पातं मोडलं, पण कडीही उखडली. ताईला बसतं केलं, गिळतेय ना ते बघत साखरपाणी पाजलं. हळूहळू ती भानावर आली.

तेवढ्यात भावोजी आले. कपाट बघून म्हणाले, "म्हणजे शेवटी साखर खाल्लीच हिने."

मी मोडकी कात्री त्यांच्या पायाशी आपटली. काय झालं ते एका दमात सांगितलं, आणि बरंच काही जे सांगायचं नव्हतं तेही. सासूबाई दाराआड गेल्या. मग ताई बोलली. आवाज बारीक होता, पण ठाम.

"कारखाना तुमचा बंद पडला, पण झोप माझीही उडाली होती. एकदा तरी विचारलंत?"

भावोजींनी खिशातून किल्ली काढली आणि मशीनवर ठेवली. ताईने तिकडे बघितलंही नाही. माझा हात धरून ती उठली.

"ताट वाढ," म्हणाली. "आज पोटभर जेवणार आहे मी."